मारुतीच्या छातीला पाणी

॥ श्री ॥

पो. आसगाव, ५ जून १९८३

सुखरामजी यांस इश्वरचा रामराम.

परवा सकाळी मी नत्थूचा मासे धरायचा डोंगा मागून घेतला, एक लांब बांबू हाती घेतला आणि आपल्या तलावात गेलो. तलावाच्या पाळीच्या उतारावर म्हशी धुणारी पोरं हसत होती. नत्थू डोंगा ठेलता ठेलता म्हणाला, "का हो पाणकर, बांबूनं मासोळी मारून राहिले का?" मी म्हटलं, "तलाव मोजून राहिलो." तो म्हणाला, "मंग दोन-चार जनम लागन."

नहरात पाणी सोडतात त्या मोरीपुढचा डोह तुम्हाला आठवत असेल. उन्हाळ्यात सगळा तलाव आटला तरी तिथे पाणी राहायचं. शाळा सुटली की आपण तिथेच. तुम्ही पाण्यातल्या मारुतीच्या दगडाला पाय टेकून बुडी मारायचात आणि तळाची काळी माती मुठीत घेऊन वर यायचात. मी कितीदा प्रयत्न केला, पण कान दुखायला लागायचे आणि मी अर्ध्यातूनच परत यायचो. तळ मला कधी लागला नाही. परवा त्याच जागी मी बांबू सोडला. हात भिजेपर्यंत सोडावा लागेल असं वाटलं होतं, पण तो लगेच टेकला. काढून अंगाला लावून पाहिला, तर ओली खूण माझ्या छातीवर. मी डोंगा सरकवून पुन्हा सोडला, आणखी सरकवून पुन्हा. सगळीकडे तेच.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांत एक चिठ्ठी नाही आणि आता बांबूची गोष्ट कुठून काढली. सांगतो.

तलाव सरकारी झाल्यापासून पाटबंधारेवाल्यांनी मोरीजवळ फुटांचे आकडे लिहिलेली पट्टी ठोकली आहे. पाणी वाटण्याचं काम गावाचं, पाणकर म्हणून ते माझ्याकडे होतंच, पण दर आठवड्याला एक कागद भरून पाठवायचं काम यंदापासून माझ्याकडे आलं. कागद इंग्रजी आहे. त्यात एका रकान्यावर 'लेव्हल' आणि शेजारच्या रकान्यावर 'डेप्थ'. मी पट्टीवरचा आकडा पाहून दोन्हीकडे तोच लिहीत होतो. तीन वेळा कागद परत आला. मग ओव्हरसियर साहेब स्वतः फटफटीवर आले. अमरावतीकडचा तरुण मुलगा आहे, बोलायला गोड.

"काका, दोन्ही रकान्यांत एकच आकडा कसा?"

मी म्हटलं, "साहेब, पाणी एकच आहे ना."

तो हसला, पण मला नाही हसला. म्हणाला, "पाणी एकच आहे, विचारलेलं दोन आहे. पाणी कुठवर चढलं, ही लेव्हल. त्याच्याखाली तळ किती दूर आहे, ती डेप्थ. लेव्हल पट्टी पाहून लिहा. डेप्थसाठी तळ गाठावा लागेल."

म्हणून बांबू.

दुसरंही कारण आहे, ते लपवत नाही. रुखमिणी परवा विहिरीवर भेटली. दिवाळीला तुम्ही येणार, नहराच्या शेवटच्या तुमच्या धानाच्या बांध्या तुलारामला विकणार आणि तिला अन् म्हाताऱ्या आईला चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीत घेऊन जाणार, असं तिनं सांगितलं. बहीण आहे म्हणून तिला विचारलं, "तुले काय वाटते?" ती म्हणाली, "पाणी नाई त वावर ठेवून काय करू, दादा? पूजा?" आणि घागर उचलून गेली.

एवढंच. इकडे सर्व खुशाल. आमच्या मंडळींचा, गोदावरीचा, तुम्हाला नमस्कार, असं मी लिहितो आहे. तिनं सांगितलेलं नाही.

इश्वर

॥ श्री ॥

पो. आसगाव, २७ ऑगस्ट १९८३

सुखरामजी यांस रामराम.

उत्तर आलं नाही. येईल असंही धरलं नव्हतं. राखीला रुखमिणी आली होती. तुमचं पत्र तिला आलं, त्यात माझा उल्लेख नव्हता, हे तिनं न विचारता सांगितलं. म्हणजे माझं पत्र तुम्हाला मिळालं असावं.

रोवणी आटोपली. तुमच्या बांध्यांत रुखमिणीनं भारी धान लावलं आहे. मी म्हटलं, हलकं लाव, लवकर निघेल. ती म्हणाली, "शेवटचंच साल आहे, होऊ दे भारी."

हल्ली रोज सकाळी पट्टी पाहायला पाळीवर जातो तेव्हा सोमाजी गुरुजी फार आठवतात. पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि शाळेत चित्रांचं एकसुद्धा पुस्तक नव्हतं, म्हणून ते आपल्याला पाळीवर घेऊन येत. धोतराचा सोगा कमरेला खोचायचे आणि छडीनं दाखवायचे. गुरांचा दोर लाँग. ताडाचं झाड टॉल. पाळ हाय. आपण ताडाला आणि पाळीला दोन्हीला उंचच म्हणायचो, म्हणून तुम्ही विचारलंत, "गुरुजी, पाळीले टॉल म्हटलं त?"

"साहेब हासन."

"काहून हासन?"

"काहून ते साहेबाले विचार, मले विचारू नोको."

मग तुम्हाला ताडाशेजारी उभं करून ते म्हणाले, सुखराम टॉल. मी पुढे झालो, तर म्हणाले, तू शॉर्ट. तेव्हापासून तुम्ही मला शार्टच म्हणायचात. रुखमिणी तुमच्या घरी आली त्या दिवशी तुम्ही आमचे जावई झालात आणि माझ्या तोंडचं 'तू' गेलं. तुमच्या तोंडचं 'शार्ट' काही गेलं नाही. सहा वर्षांत मला त्या नावानं कोणी हाक मारली नाही. गावात त्या नावानं हाक मारणारं दुसरं कोणी नाहीच.

नहर वाइड आणि बैलगाडीची फळी ब्रॉड, हे मात्र गुरुजींनाही नीट सांगता येईना. ते म्हणाले, "जिकडून तिकडे जाले लागते ते वाइड. जे पसरून ठेवलं ते ब्रॉड. अन् परीक्षेत कोन्तंही लिहा, मीच तपासतो." डीप शिकवायला त्यांनी तुम्हालाच बुडी मारायला लावली. तुम्ही मूठभर माती त्यांच्या हातावर ठेवलीत. सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, टँक इज डीप.

लेव्हल हा शब्द गुरुजींनी शिकवलाच नाही. कदाचित त्यांना गरज पडली नाही. पाणी कुठवर आलं हे सांगायला आपल्याकडे मारुती होता.

आता मनात आहे ते लिहितो. लहानपणी उन्हाळ्यात मारुतीची पावलं दिसायची, पावलांखालचा चौथराही दिसायचा. आपण त्यावर बसून चिंचा खायचो. मग चौथरा दिसेनासा झाला, पुढे पावलं. गावानं म्हटलं, देव खाली जाऊन राहिला. नारळ वाहिले, सप्ता बसवला. मीही दर शनिवारी तेल वाहताना म्हणायचो, थांब रे बाबा, आम्हाला सोडून जाऊ नको. इतकी वर्षं मी तेच मागत आलो.

गेल्या महिन्यात तलाव भरला, सांडव्यावरून पाणी पडू लागलं. मी पाहिलं तर ते मारुतीच्या छातीला. आमचे आबा पाणकर होते त्या काळीही तलाव भरला की पाणी छातीलाच असायचं. सांडवा दगडी आहे, तो तर हलला नाही. देव खाली गेला असता तर पाणी त्याच्या गळ्याला, तोंडाला यायला हवं होतं. मी डोंग्यात बसून होतो, हातात तेलाची वाटी तशीच. देव एक बोटभरही हलला नाही, सुखरामजी. तळ वर आला आहे. पावलं गाळात गेली. दर पावसाळ्यात थोडा थोडा गाळ आला आणि आपण त्याला देवाचं जाणं समजलो.

लेव्हल तीच. डेप्थ गेली.

आता सत्त्याहत्तरचा आश्विन आठवा. मला तर तो विसरता येत नाही. हस्त कोरडा गेला होता, धान निसवायला, लोंब्या टाकायला आलं होतं. पाणी छातीला, म्हणजे गावाच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना पाणी. कमरेला असतं तर नहराच्या अर्ध्यापर्यंत. गुडघ्याला असतं तर फक्त गुरांना. छातीला आहे म्हणून वरच्या बांध्यावाल्यांनी काठोकाठ भरून घेतलं, सगळ्यांना पुरणार आहे या भरवशावर. तुमच्यापर्यंत पाळी आली तेव्हा मोरीतून नुसता चिखल येत होता. तुम्ही पाळीवर सगळ्यांदेखत म्हणालात, "इश्वर, पाणी मारुतीच्या छातीले होतं अन् माह्या बांधीत भेगा! मंग पेलं कोन? तू पेला का मारुती पेला?" लोक हसले. मी म्हटलं, "देवाचं माप खोटं नसते, जवाई. तुमचीच बांधी फुटकी असंल." लोक आणखी हसले. त्याच वर्षी तुम्ही खाणीची वाट धरलीत. त्यानंतर दर वर्षी तुमच्याकडे कमीच पोचलं आणि दर वर्षी तुम्हाला वाटलं, मी पाणी विकतो.

मी चूळभर पाणीसुद्धा विकलं नाही. आणि तुमची बांधीही फुटकी नव्हती. आपण दोघं पाण्याच्या वरच्या अंगाकडे पाहून भांडलो. खाली कोणी पाहिलं नाही.

पोळ्याला आलात तर तलावावर या. माझ्या घरी नाही आलात तरी चालेल.

इश्वर

॥ श्री ॥

पो. आसगाव, २९ सप्टेंबर १९८३

सुखरामजी यांस रामराम.

तुमचं पत्र आलं. पोस्टमननं पाळीवरच हातात दिलं. मी ते तिथेच बसून वाचलं आणि घरी येऊन गोदावरीला वाचून दाखवलं. तुमचेच शब्द लिहितो, म्हणजे मी काही जास्त-कमी समजलो नाही हे तुम्हाला कळेल.

"शार्ट, तुही दोन्ही पत्रं भेटली. आमच्या खाणीत जमिनीखाली जो आडवा रस्ता खोदतात त्याले लेव्हल म्हणतात. पहिली लेव्हल, दुसरी लेव्हल. मी रोज पिंजऱ्यात उतरून तिसरीवर जातो. वरून किती खाली आलो ते लेव्हलले पुसलं तर ते सांगत नाही. त्याले वेगळी दोरी सोडा लागते. हे मले पहिल्याच महिन्यात समजलं होतं, पण तलावाले लावून पाहाची अक्कल आली नाही. तू म्हणतो ते खरं असंल. पण शब्द समजल्यानं बांधी ओली होत नाही. तुलारामले मी जबान दिली आहे. दिवाळीले येतो."

गोदावरी म्हणाली, "शार्ट म्हणते म्हंजे राग अर्धा गेला." मी म्हटलं, आणि उरलेला? ती म्हणाली, "उरलेला बांधीत आहे."

तिचं खरं आहे. म्हणून परवा मी गावाची सभा बोलावली. गावातल्या पारावर सगळे आले. मी लेव्हल आणि डेप्थ हे शब्द काढलेच नाहीत. एक भांडं नेलं होतं, पितळी, ताकाचं. त्यात पाणी काठोकाठ भरलं आणि लोट्यानं मोजून काढलं. मग तळाशी चिखल थापला, पुन्हा काठोकाठ भरलं, पुन्हा काढलं. लोटे कमी निघाले. मी म्हटलं, "पाणी दोन्ही बारीला काठालेच होतं. आपला तलाव असा झाला आहे. गाळ काढाचा अर्ज साहेबांनी वर पाठवला, पण ते काम होईल तेव्हा होईल. यंदाही हस्त कोरडा जाईल असं दिसते. वाटप बदला. शेवटच्या बांधीपासून सुरू करा, वरचे तर मोरीजवळच आहेत, त्यांना झिरपाही मिळतो."

लक्ष्मणराव पाटलांच्या बांध्या मोरीला लागून आहेत. ते म्हणाले, "इश्वर, तू दर शनिवारी देवाले तेल वाहते ना गा?"

"वाहतो."

"मंग पाणी छातीले आहे, हे देव सांगून राहिला. अन् तू म्हणते पाणी नाही. खोटं कोन, देव का तू?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अजी, त्याले इंग्रजी आली! आता मारुतीले बी परीक्षेले बसवन!" सगळे हसले. "जवायासाठी करून राहिला," असंही एक जण बोलला.

मला राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण भांडं पालथं घालता घालता म्हटलं, "देव काही बोलला नाही, पाटील. त्याले आपण खुंट्यासारखं वापरलं. तो बिचारा उभा आहे. पाणी कुठवर आलं ते त्याच्या अंगावर दिसते. खाली किती आहे ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आपणच धरून बसलो."

मग लक्ष्मणराव उठले. "रीत बदलाची नाही," म्हणाले, "वरून खाली. तुह्या हक्काचं तू काहीही कर."

सभा मोडली. पण ते शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आलो. पाणकराच्या हक्काचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे: पहिलं पाणी. वर्षभर नहर राखायचा, पाळ्या लावायच्या, त्याबद्दल पाणकराची बांधी सगळ्यांच्या आधी, हवी तितकी भरून घ्यायची. आबांनी ते घेतलं, मी घेत आलो. त्यात कोणी हात घालत नाही.

अजून काही ठरवलेलं नाही. रात्री जेवताना गोदावरीपाशी विषय काढला. तिनं भात वाढता वाढता हात थांबवला. "आपलं धान निसवते कशानं? पत्रानं?" एवढंच बोलली. तिचंही चुकत नाही. आमचं धान तुमच्यापेक्षा चार दिवस पुढेच आहे. पण ते सगळं सोडा, तुम्ही काळजी करण्यासारखं इकडे काही नाही.

तुम्ही तुलारामला शब्द दिला आहे, तो मोडा असं मी म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत थांबा, एवढंच.

इश्वर

॥ श्री ॥

पो. आसगाव, ११ ऑक्टोबर १९८३

सुखरामजी यांस रामराम.

हस्त काल संपला. पडला नाही.

हे पत्र मी तुमच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून लिहितो आहे. कागद मांडीवर आहे, अक्षर वाकडं येईल. पाय चिखलाचे आहेत.

काल सकाळी आंघोळ करून डोंग्यातून मारुतीपाशी गेलो, तेल वाहिलं. आता थांब म्हणून मागायचं नव्हतं, तर काय मागावं ते सुचेना. नुसता हात जोडून उभा राहिलो. मग मोरीवर आलो आणि दार उघडलं. लक्ष्मणरावांचा गडी वर उभा होता. मी त्याला म्हटलं, "जाऊन सांग, पाणकराचं पहिलं पाणी सुटलं." तो गेला. पाणी नहरात धावलं आणि माझ्या बांधीच्या तोंडाशी आलं. आतलं धान पिवळं पडायला लागलं आहे, हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मी फावडं घेतलं आणि बांधीचं तोंड मातीनं बुजवलं. वरून पायानं तुडवलं. पाणी क्षणभर तिथे घुटमळलं आणि पुढे निघालं.

पुढची गंमत ऐका. लक्ष्मणराव धोतर सावरत आले. "इश्वर, हे पाणी कुठे जाऊन राहिलं?"

"माह्या हक्काचं आहे, पाटील. मी म्हणीन तिथे जाईल. तुम्हीच म्हणाले."

"आता वाटेत माही बांधी लागते."

"लागते. तोंड बंद आहे तिचं. तुमची पाळी उद्या."

त्यांनी गड्याकडे पाहिलं, गड्यानं फावड्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या बांधीच्या तोंडावर कोणीतरी बसलेलं दिसलं. आमची गोदावरी. मला काही न सांगता आली होती, भाकरीचं गाठोडं मांडीवर आणि विळा बाजूला. म्हणाली, "भाऊजी, बसा ना. भाकर खाता का? मी काही आज उठत नाही इथून." लक्ष्मणराव मला काय वाटेल ते बोलतील, पण बाईमाणसाशी भांडणार नाहीत. हसले. "तुमच्या घरात सगळेच इंग्रजी शिकले वाटते," म्हणाले आणि पाळीवर जाऊन बसले. जाताना गड्याला फावडं ठेवून यायला सांगितलं.

मी पाण्याबरोबर चालत राहिलो. कुठे खेकड्यानं बीळ केलं होतं, कुठे नहरात गवत माजलं होतं. शेवटच्या भागात सहा वर्षांत कोणी हातच लावला नव्हता. रुखमिणी पुढून गवत कापत आली, मी मागून माती ओढत गेलो. दिवस कलताना पाणी तुमच्या पहिल्या बांधीत शिरलं. भेगांत जाताना त्याचा आवाज होतो, तो मी विसरलो होतो. तुमची आई लाठी टेकत धुऱ्यावर आली आणि विचारती झाली, "कोन्या गावचं पाणी आहे बापा हे?" रुखमिणी म्हणाली, "दादाचं."

आज सकाळपर्यंत तुमच्या सगळ्या बांध्या भरल्या. मी बांबू घेऊन प्रत्येकीत उतरलो. काठावर पाहून भागवलं नाही, तळ लागेपर्यंत सोडला.

आता वरच्यांच्या पाळ्या सुरू होतील, रीतीप्रमाणे. माझ्यासाठी शेवटी काही उरलं तर उरलं. गोदावरी बोलत नाही, पण आज सकाळी मला चहा दिला.

तुलारामला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी माझं पहिलं पाणी तुमच्या बांधीला दिलं, आणि पुढच्या सालापासून पाणकराचं पहिलं पाणी शेवटच्या बांधीचं, असं आज सकाळी पारावर चार लोकांसमोर सांगून आलो.

इश्वर